पूल येईपर्यंत

“अहो, पट्टा! पट्टा चाकात जाईल तुमचा!”

ही हाक तिला ऐकू आली. त्याला आली नाही. सिग्नलला खोळंबलेल्या गर्दीत शेजारच्या स्कूटरवरची एक बाई हेल्मेटची काच वर करून बोट दाखवत होती. तिने मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून मान वळवून पाहिलं. कॅरियरवर आडवी बांधलेली लांबोडकी बॅग एका अंगाला कलंडली होती आणि तिला आवळणाऱ्या पट्ट्याचं टोक सुटून मागच्या चाकाच्या आऱ्यांशी लोंबत होतं. घरातून निघून अजून शहरही ओलांडलं नव्हतं. “बाजूला घे,” ती नवऱ्याच्या पाठीला म्हणाली. तो “हं” म्हणाला आणि दिवा हिरवा होताच सरळ निघाला. ती पुन्हा म्हणाली, “अरे, सामान सुटलंय, थांब.” तो पुन्हा “हं” म्हणाला आणि त्याने वेग वाढवला. मग तिने त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारल्या, तेव्हा कुठे गाडी कडेला सरकली आणि एका रोपवाटिकेच्या कुंपणाशी येऊन थांबली. “काय झालं?” हेल्मेट काढत त्याने विचारलं. “केव्हाची सांगतेय.” “हवेत काही ऐकू येतं का,” तो म्हणाला. हे कुणाच्याही बाबतीत खरं असल्यामुळे तिला पुढे काही बोलता येईना. तिची ही नेहमीचीच अडचण होती. त्याच्या वागण्याला प्रत्येक वेळी एक साधंसं, पटण्यासारखं कारण असायचं, आणि सगळी कारणं एकत्र केली तर मात्र काहीच पटायचं नाही.

सगळं खाली उतरवावं लागलं. दोन्ही बाजूंचे डबे पक्के होते. वांधा होता तो वरच्या बॅगेचा. तिच्यात तंबू होता, झोपायच्या पिशव्या होत्या, आणि निघताना गच्च फुगलेल्या त्या पिशव्यांतली हवा आता निघून गेली होती. “आतलं खाली बसलं,” तो बॅग चाचपत म्हणाला. “बांधलेलं बरोबर होतं. बॅगच बारीक झाली, त्याला पट्टा काय करणार?” त्याने ती पुन्हा कॅरियरवर ठेवली, तिच्यावर गुडघा रोवला आणि पट्ट्याचं टोक तिच्या हातात दिलं. “ओढ.” “ओढतेय.” “अजून.” “तुटेल आता.” “नाही तुटत.” त्याचा चेहरा अगदी जवळ होता, श्वास तोंडाने चाललेला, भुवईत लाकडाचा भुसा. त्याचा सुतारकामाचा कारखाना होता आणि आंघोळ करून निघाला तरी भुसा कुठेतरी असायचाच. अशा वेळी आपण दोघं बरे असतो, तिच्या मनात आलं. कपाट सरकवताना, पडद्याची दांडी बसवताना, गादी उलटवताना. एकाने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं. अशा वेळी लागतात तेवढे शब्द त्यांच्यापाशी अजून होते. त्यापुढचे कधी संपले, ते तिला सांगता आलं नसतं. या सहलीला तिने हो म्हटलं तेव्हा तो इतका हरखला होता की तिला अपराध्यासारखं झालं. कितीतरी वर्षं तो त्या डोंगरावरच्या तळ्याबद्दल बोलत होता. दर वेळी ती काहीतरी निमित्त काढून टाळायची. या वेळी हो म्हणाली, कारण तिला त्या तळ्याकाठी बसून त्याला एक गोष्ट सांगायची होती. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिने नोकरी घेतली होती, तिथे राहायला खोलीही बघितली होती, आणि ती एकटीच जाणार होती. हे वाक्य तिने पुष्कळ दिवस घोळवून गुळगुळीत केलं होतं. त्यात आरोप नव्हता, रडणं नव्हतं. हळू आवाजात, पाण्याकडे बघत बोलण्यासारखं वाक्य होतं ते.

पट्टा बसला. त्यावरून दोन रबरी दोर तिरके ताणले, हुक अडकवले. तो हेल्मेट चढवून गाडीवर बसला, इंजिन सुरू केलं. तिने फूटरेस्टवर पाय ठेवला, अंगाचा भार दिला, आणि त्याच वेळी तिला दिसलं की पट्ट्याचं शिल्लक टोक खोचायचं राहिलंय. पुन्हा चाकात जाईल म्हणून ती खाली उतरली, वाकली, आणि मोटरसायकल निघून गेली. अगदी नेहमीसारखी निघाली. आधी जराशी दचकून, मग सुरळीत. तिचा हात पुढेच राहिला, पट्ट्याला बोटांनी धरायच्या आकारात. आता हाक मारायची, असं तिला स्पष्ट वाटलं. तोंड उघडलंही. गाडी अजून हाकेच्या टप्प्यात होती, समोर एक टेम्पो आडवा आल्यामुळे तो हळूही झाला होता. धावत गेली असती तर गाठता आलं असतं. ती धावली नाही. टेम्पो बाजूला झाला, तिच्या नवऱ्याने डाव्या-उजव्याचा अंदाज घेतला आणि तो सगळ्या सामानासकट वळणाआड दिसेनासा झाला.

“गेले की हो ते!” कुंपणाच्या आतून आवाज आला. रोपवाटिकेची मालकीण हातात पाण्याचा पाइप घेऊन उभी होती, अंगात पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. “हो,” ती म्हणाली. “हाक मारायची ना!” “हो.” “मग?” “बसले असं वाटलं असेल त्याला,” ती म्हणाली. “फोन लावा.” “गाडीवरच्या पिशवीत राहिला.” “त्यांचा नंबर सांगा, माझ्यावरून लावते.” नंबर तिला तोंडपाठ होता. “येईल तो,” ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजातल्या खात्रीचं तिला नवल वाटलं. मालकिणीने पाइप एका वाफ्यात सोडला, एक प्लास्टिकचं स्टूल आणून फाटकात ठेवलं. “बसा. माझा नवरा असता ना, तर पुढच्या गावात जेवूनबिवून झाल्यावर, बिल द्यायच्या वेळी आठवण झाली असती त्याला माझी.” दोघी हसल्या. हसू थांबल्यावर तिच्या लक्षात आलं, हेल्मेट अजून आपल्या कोपरात अडकलेलं आहे, भाजीच्या पिशवीसारखं, आणि त्याखेरीज जवळ काहीच नाही.

हाक का मारली नाही? तिला राग आला नव्हता. सुटल्यासारखं वाटत होतं का, तर तेही पुरतं नव्हतं. ती कानांच्या तपासणीचं काम करायची. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र लावायचं, दार ओढून घ्यायचं आणि काचेच्या अलीकडून आवाज सोडत जायचं, आधी मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. काही माणसं ऐकू आलं नाही तरी दाबतात. त्यांना हरायचं नसतं. ती काचेतून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. आत्ताही आपण तसंच तर करत नव्हतो, तिला वाटलं. आवाज बंद करून बसायचं आणि याला केव्हा कळतंय ते बघायचं? हा विचार तिला आवडला नाही. तिने तो झटकला आणि रस्त्याकडे बघू लागली. रस्त्यावर नाना तऱ्हेची वाहनं येत होती आणि त्यांतली कुठलीच त्याची नव्हती. तो आता कुठवर गेला असेल? न वळता तसाच तळ्यापर्यंत गेला तर? तिथे उतरेल, पट्टा सोडेल, तंबू पसरेल, एक खुंटी ठोकून दुसऱ्या टोकाला धरायला हाक मारेल, आणि मग. हे चित्र इतकं खरं वाटलं की ती स्टुलावरून उठलीच, आणि ज्याला आपण सोडून निघालोय त्याने आपल्याला विसरावं याचं आपल्याला वाईट का वाटावं, ते काही तिला उलगडेना.

तसं पाहिलं तर तो तिला फार आधीच विसरला होता. मावशी गेली त्या संध्याकाळचं तिला आठवलं. आईच्या मागे मावशीनेच तिला वाढवलं होतं. फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, तो बाहेरच्या खोलीत खुर्चीचा एक मोडका पाय उलटासुलटा करून बघत होता. “मावशी गेली रे,” ती ओट्यापासूनच म्हणाली. तो “हं” म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. त्याने मानही वर केली नाही. तिने नळ बंद केला, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि त्या भिंतीकडे बघता बघता तिच्या आत काहीतरी कायमचं थंड पडलं. त्यानंतर ती मोजूनमापून बोलू लागली. मुलगी घरी होती तेव्हा म्हणायची, “आई, बाबांना काही सांगायचं असेल तर मेसेज करत जा, निदान दोन निळ्या खुणा तरी दिसतील.” विनोद होता तो, तिघं हसलेही होते, म्हणजे त्या दोघी हसल्या आणि मग त्यांच्याकडे बघून तो. कारखान्यातल्या माणसांशी मात्र तो तासन्‌तास बोलायचा. मित्राचा फोन आला की गडगडाटी हसायचा, घर दणाणून जायचं. मुका नव्हता, घुमा नव्हता. फक्त तिच्यापुरतं त्याच्यापाशी एक “हं” उरलं होतं. माणूस संपूर्ण आहे, पण आपल्याकडे केलेली बाजू तेवढी रिकामी, असं किती दिवस चालवायचं?

“आले, आले! ते बघा पलीकडून!” मालकीण ओरडली.

तो रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने, उलट्या दिशेने येत होता. तिला बघताच त्याने हात वर केला, पण मध्ये दुभाजक होता. त्याला तसंच पुढे जावं लागलं. म्हणजे तो पुन्हा एकदा तिला सोडून गेला, या वेळी मागे वळून वळून बघत. मग लांबवर वळण घेऊन आला. गाडी उभी करायचीही त्याला शुद्ध नव्हती. ती कलती राहिली, तिनेच धरली. बॅग कॅरियरवरून पुढे घसरून मागच्या सीटवर, अगदी तिच्या जागेवर येऊन बसली होती. त्याचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा होता. त्याने तिचा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

“कधी उतरलीस तू?”

“बसलेच नव्हते.”

“बसलीस. गाडी दबली, मला कळलं.”

“पाय ठेवला होता. पट्टा खोचायला खाली उतरले.”

“मग माझ्या पाठीला…” तो म्हणाला, आणि दोघांनीही बॅगेकडे बघितलं. “सगळ्या रस्त्यात पाठीला टेकलेलं होतं. मला वाटलं, तू डोकं टेकलंयस. पुष्कळ दिवसांनी. म्हणून मग मी बोलायला लागलो. पूल येईपर्यंत बोलत होतो.”

“काय बोलत होतास?”

त्याने कुंपणाकडे पाहिलं. मालकीण अगदी मन लावून एकाच रोपाला पाणी घालत होती. “चल, पुढे गेल्यावर सांगतो.”

“इथे सांग.”

“मला ऐकू येत नाही.”

“इथे सांग!” ती आवाज चढवून म्हणाली.

“अगं, तेच सांगत होतो. मला ऐकू येत नाही.” तो हसल्यासारखं करू लागला आणि ते त्याला जमेना. “पुलापर्यंत तेच सांगितलं सगळं. पुलावर विचारलं, रागावलीस का? काही ऐकू आलं नाही. पण ते तर नेहमीचंच. म्हणून हात मागे नेला, तर हाताला बॅग.”

ती गाडी धरून उभी होती आणि एखादं अवजड कपाट एका बाजूने अचानक सुटावं तसं तिला झालं. करवत, रंधा मशीन, दिवसभराचा तो कानठळ्या बसवणारा कारखाना. अशा माणसांच्या बायकांना ती रोज, अगदी रोज समजावून सांगायची: उंच आवाज आधी जातात. बायकांचे, मुलांचे, पाखरांचे. पुरुषांचे जाड आवाज राहतात, म्हणून घरच्यांना वाटतं की ह्यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. तसं नसतं हो, रागावू नका. बायका डोळे पुसायच्या. ती त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवायची. आणि संध्याकाळी घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून नवऱ्याच्या पाठीशी बोलायची.

“कधीपासून?” तिने विचारलं. हा प्रश्न ती कामावर विचारते त्याच सुरात बाहेर पडला.

“हळूहळू झालं.”

“म्हणजे कधीपासून?”

“असं नाही सांगता येत. हळूहळू.” तपासणीला येणारे सगळे हेच सांगतात आणि कागदावर तेवढ्याने भागतं. इथे भागत नव्हतं. तिला तारीख हवी होती. एक रेघ हवी होती, जिच्या अलीकडचं सगळं कानांच्या नावावर टाकता येईल आणि पलीकडचं त्याच्या. मुलीच्या जन्मानंतर ती स्वतः रडायची तेव्हा? जुन्या घरात, पहिल्यांदा भांडून दार आपटलं तेव्हा? त्याने कुठलं ऐकलं नव्हतं आणि कुठलं ऐकून सोडून दिलं होतं? “मावशी गेली तेव्हा?” ती म्हणाली. “तेव्हा येत होतं ऐकू?”

“ते तू मला सांगितलंच नाहीस,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. “मला सकाळी तुझ्या भावाच्या फोनवरून कळलं. घरातल्या माणसाला. रात्रभर तू भिंतीकडे तोंड करून होतीस, मी विचारलं तर बोलली नाहीस. मला वाटलं, हिला मी इतकाही चालत नाही. खूप लागलं होतं ते मला.”

“मी दोनदा सांगितलं.”

“सांगितलं असशील.” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “आता काय.”

इतकी वर्षं ज्या जखमेची ती एकटीच मालकीण होती तिच्यात दुसरं कोणी बसलेलं निघालं, आणि सरकून जागा द्यावी की हाकलावं तेच तिला कळेना. “मला का नाही सांगितलंस? माझं कामच ते आहे.” “म्हणूनच,” तो म्हणाला. “त्या खोलीत मी बसणार, आणि तू काचेतून बघणार. मी चुकीच्या वेळी बटण दाबलं तर तुलाच पहिलं कळणार.” मग एकदम कामाच्या आवाजात, “चल, बांधून घेऊ हे. पुलाच्या आधी पडलं नाही हेच नशीब.”

त्यांनी बॅग ओढून मागे घेतली. त्याने तिच्यावर गुडघा रोवला, तिने पट्टा धरला. या वेळी पट्टा बॅगेच्या कानातून ओवून मग कॅरियरला घेतला, म्हणजे बॅग पुढे घसरणार नाही. तिचे हात ओढत होते आणि डोकं भणाणत होतं. आता सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. मग वाटलं, का नाही? हा एक दिवस गेला की पुन्हा हळूहळू तेच “हं”. पण आता ज्याला सोडायचं तो हाच का? ज्याच्यावर रागावून तिने खोली बघितली होती तो माणूस अर्धा तरी कानांचा बनलेला होता. उरलेला अर्धा खराच तसा होता की नव्हता? आणि कान गेलेल्या माणसाला सोडून जाणं बरं दिसेल का. आणि कान गेले म्हणून राहिलो तर ते राहणं तरी कोणाजवळचं? हे सगळं चालू असतानाच तिच्या तोंडून ते वाक्य आपोआप निघालं, घोळवून ठेवलं होतं तसंच, हळू आवाजात, पट्ट्याकडे बघत: “मी दुसरीकडे नोकरी घेतलीय. एकटीच जाणारेय राहायला.”

“काय?”

तिने वर पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, कपाळाला आठ्या घालून, एखाद्या फळीचा वाक डोळ्याने पारखावा तसा. तिने पुन्हा सांगितलं. मागून एक ट्रक गेला. “कुठे?” तो म्हणाला, “ट्रक होता. काय घेतलंस?” मग तिने ओरडून सांगितलं. “नोकरी! दुसऱ्या शहरात! मी एकटी जाणारेय, पुढच्या महिन्यात!” रोपवाटिकेतला पाइप बंद झाला. तळ्याकाठी, पाण्याकडे बघत बोलायचं वाक्य रस्त्यावर, धुरात, एका परक्या बाईसमोर मोठमोठ्याने पडलं होतं, आणि असं ओरडल्यावर ते ठरलेलं राहिलं नाही. भांडणातलं कुणाचंही एखादं वाक्य असावं, ज्याला उलट उत्तर देता येतं, तसं झालं.

“हे ऐकू आलं,” तो म्हणाला.

त्याने गुडघा काढला नाही. तिनेही पट्टा सोडला नाही. “आणि मी?” त्याने विचारलं. तो रागाने विचारत नव्हता. कुठली वस्तू कुठल्या डब्यात जाणार असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं. तिने त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती: का, कधीपासून, दुसरं कोणी आहे का, मुलीला काय सांगायचं. हा प्रश्न त्याला सुचेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं, दोन्ही बाजूंचं: तूही चल, किंवा तुझं तू बघ. मग दिसलं की तो अजून तिच्या ओठांकडे बघतोय, काही सुटू नये म्हणून डोळेही न मिटता.

“माहीत नाही,” ती म्हणाली, एकेक अक्षर सुटं करून, त्याला दिसेल असं.

त्याने मान हलवली. त्याला कळलं होतं.

“ओढ मग,” तो म्हणाला, आणि तिने सगळा जोर लावून पट्टा ओढला.